माहितीच्या फाटकावरचा माणूस



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कॉम्प्युटर मला मोबाईलवर जेवढा चालवता येतो तेवढाच येतो. तेव्हा 'डेटा' या विषयावर हा माणूस काय लिहिणार, असे काही जाणकार साथींना वाटेल. त्यांना एवढेच सांगतो की नोकरीची पहिली अकरा वर्षे मी खानदेशात ताप्ती लाईनवर फाटकावर काढली आहेत. फाटक कधी उघडायचे, कधी बंद ठेवायचे आणि बाहेर साहेबाची गाडी हॉर्न वाजवत उभी असली तरी 'नाही' कसे म्हणायचे, हे मला कळते. आजचा विषय तोच आहे. फाटक मात्र लोखंडाचे नाही, माहितीचे आहे.

मागच्या थंडीत महासंघाच्या बैठकीसाठी दिल्लीला गेलो होतो. रविवारी सवड मिळाली म्हणून मानेसरला भाच्याकडे गेलो. मानेसर हे नाव कामगार चळवळीला नवे नाही. दिल्ली-जयपूर रस्त्यावरचे हे औद्योगिक नगर. २०११ चे मारुतीच्या कामगारांचे संप आणि १८ जुलै २०१२ चा तो दुर्दैवी दिवस आपण विसरलेलो नाही. त्या दिवशी कारखान्यातील एका अधिकाऱ्याचा जीव गेला. पुढे २०१७ साली १३ कामगारांना जन्मठेप झाली, तर ११७ जण निर्दोष सुटले. आजही पाळी सुटली की अलियर, कासन या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांकडे तरुण पोरांचे लोंढे जाताना दिसतात. जून २०२५ मध्ये कारखान्याच्या आवारातच रेल्वेची साईडिंग सुरू झाली असून आता गाड्या थेट वॅगनमध्ये चढतात.

परंतु याच मानेसरमध्ये आणखी एक मोठा कारखाना आहे. त्याच्या चिमणीतून धूर निघत नाही. आधारचे काम पाहणाऱ्या प्राधिकरणाची देशात दोन डेटा केंद्रे आहेत. एक बंगळूरच्या हेब्बाळला आणि दुसरे मानेसरला. तुमच्या-माझ्या बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे, नाव, पत्ता आणि जन्मतारीख सांभाळणारी ही कोठारे. आमच्या खानदेशाचा या कोठाराशी जुना संबंध आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी तेव्हाच्या पंतप्रधानांच्या हस्ते देशातली पहिली आधार कार्डे वाटली गेली. पहिले कार्ड गावातल्या एका आदिवासी भगिनीला मिळाले. आज आधार क्रमांकांची संख्या १३० कोटींच्या वर गेली आहे. जुलै २०२५ पासून तर तत्काळचे तिकीट ऑनलाईन काढायचे असले तरी आधारची पडताळणी लागते. म्हणजे आमचा प्रवासीही या कोठाराच्या दारावरून गेल्याशिवाय गाडीत बसत नाही.

माझा भाचा या आधार केंद्रात नाही. तो मानेसरच्याच एका दुसऱ्या सार्वजनिक संस्थेत आहे आणि तिचे नाव मी घेणार नाही. त्याचा हुद्दा 'डेटा कंप्लायन्स ऑफिसर'. माहिती नियमाप्रमाणे गोळा होते की नाही, कोणाला दिली जाते, किती दिवस ठेवली जाते आणि काम संपल्यावर पुसली जाते की नाही, हे पाहणारा अधिकारी. गळ्यात पट्टा, खिशाला पेन, खोलीत लॅपटॉप. पाहून बरे वाटले. बहिणीच्या मुलाने नाव काढले, असे म्हटले. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मामा, हुद्द्यावर जाऊ नका. माझी नेमणूक अकरा महिन्यांची आहे, तीही एजन्सीमार्फत. ज्या कॉम्प्युटर विभागावर मी लक्ष ठेवायचे, त्याच विभागाचे प्रमुख माझा अहवाल लिहितात."

मग त्याने जे सांगितले ते ऐकून चहा गार झाला. संस्थेने आपल्या कायम आणि कंत्राटी अशा सर्व लोकांसाठी गट विमा घ्यायचे ठरवले. चांगले काम. त्यासाठी एक यादी तयार झाली. नाव, मोबाईल नंबर, आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि एका रकान्यात कोणाला कोणता जुना आजार आहे याची नोंद. यादी विमा दलालाकडे गेली, दलालाकडून ठेकेदारांकडे आणि मग मोबाईलवरून मोबाईलवर. भाच्याने आधीच टिपण लिहिले होते की आजाराचा रकाना ठेकेदारांना देऊ नये, आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकावेत आणि यादी कोणाला दिली याची नोंदवही ठेवावी. टिपण परत आले. त्यावर शेरा होता, 'चर्चा करावी.' चर्चेत त्याला विचारण्यात आले, "तुमचे काम गाडी चालवण्याचे आहे की अडवण्याचे?" त्याच बैठकीत 'सर्व नियमांचे पालन झाले आहे' अशा छापील दाखल्यावर त्याची सही घेण्यात आली. कंत्राट संपायला दोन महिने राहिले होते. त्याने सही केली.

पुढे काय झाले? साफसफाईचे काम करणाऱ्या एका बाईंनी क्षयरोगाचे उपचार पूर्ण केले होते. बाई ठणठणीत बऱ्या झाल्या होत्या. परंतु यादी ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या मोबाईलवर पोचली आणि पुढच्या महिन्यापासून बाईंना कामावर बोलावणे बंद झाले. बाईंच्या मुलाने तक्रार केली. चौकशी लागली. यादी बनवणारा, पाठवणारा आणि 'चर्चा करावी' लिहिणारा, सगळे बाजूला राहिले. कारणे दाखवा नोटीस आली ती माझ्या भाच्याला, कारण दाखल्यावर सही त्याची होती.

साथींनो, हे ऐकताना मला आमच्या खात्यातली जुनी गोष्ट आठवत होती. अपघात झाला की सर्वांत आधी कोण निलंबित होतो? पॉईंट्समन, केबिनमन, गेटमन. माहितीच्या क्षेत्रातही तोच रिवाज सुरू झालेला दिसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. ओपीडी, दाखला आणि तपासणीची कामे कित्येक दिवस कर्मचाऱ्यांनी कागद-पेनवर ओढली. त्या वेळी दोन सिस्टीम ॲनालिस्टना निलंबित केल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०१८ मध्ये चंदीगडच्या 'ट्रिब्यून' या वृत्तपत्राने पाचशे रुपयांत आधारधारकांची माहिती पाहायला मिळते, अशी बातमी छापली. त्यानंतर जो गुन्हा नोंदवला गेला त्यात बातमी देणाऱ्या वार्ताहराचेही नाव होते. फाटक उघडे आहे असे ओरडणाऱ्यालाच धरायचे, ही रीत कोणत्याही खात्याला महागात पडते.

आता कोणी म्हणेल की यादी फुटली तर फुटली, गरिबाच्या माहितीत लपवण्यासारखे काय आहे? कामगाराने तरी हा प्रश्न विचारू नये. यादी म्हणजे काय असते हे आपल्यापेक्षा कोणाला अधिक ठाऊक आहे? ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला. त्या काळात हजारो साथी पकडले गेले, नोकरीतून काढले गेले, बायका-मुलांना क्वार्टरमधून बाहेर काढले गेले. कोण कोणत्या क्वार्टरमध्ये राहतो, कोण सभेत बोलतो, हे याद्यांवरूनच कळत होते. पुढे १९७७ साली आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा काढलेल्या कामगारांना परत घेतले गेले. तेव्हा याद्या कागदावर होत्या. आज तीच यादी करायला कोणाला रात्र जागावी लागत नाही. एक बटण पुरे होते.

इंग्लंडमधली गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तिथे बांधकाम कंपन्यांसाठी एक छोटे कार्यालय चालत असे. त्या कार्यालयात कार्डांवर कामगारांची नावे लिहिलेली होती. हा युनियनचा माणूस, याने सुरक्षिततेची तक्रार केली, याला घेऊ नये. चाळीसहून अधिक कंपन्या नोकरी देण्यापूर्वी तिथे विचारणा करत. वर्षानुवर्षे माणसांना काम मिळत नव्हते आणि का मिळत नाही हे त्यांना कळत नव्हते. २००९ साली त्या कार्यालयावर छापा पडला आणि ३,२१३ नावे सापडली. पुढे अनेक वर्षे लढल्यावर २०१६ मध्ये कंपन्यांना नुकसानभरपाई द्यावी लागली. छापा कोणी घातला होता? पोलिसांनी नाही, कामगार खात्यानेही नाही. तो घातला माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने, म्हणजे माहितीच्या रक्षणासाठी नेमलेल्या सार्वजनिक संस्थेच्या अधिकाऱ्यांनी. फाटकावरचा माणूस स्वतंत्र असेल तर तो कामगाराचा केवढा आधार होऊ शकतो, हे यातून दिसते.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो ते पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुख्य जबाबदाऱ्या नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू करण्याचे ठरले आहे. माहिती फुटली तर ज्याची ती माहिती आहे त्याला विनाविलंब कळवायचे, मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ऐकायला छान वाटते.

परंतु कायद्याच्या पोटात शिरून पाहा. पहिली गोष्ट, दंडाची रक्कम सरकारच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्या बाईंची रोजी गेली त्यांना त्यातून एक पैसाही मिळत नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले नुकसानभरपाईचे जे ४३अ हे कलम होते, ते काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात आहे. दुसरी गोष्ट, नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती संमती न घेता वापरता येते. कारण कोणते आणि कुठपर्यंत, हे ठरवणार मालकच. तिसरी गोष्ट, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही शासकीय यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून वगळू शकते. आणि तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावरचे सदस्यही केंद्र सरकारच नेमते.

चौथी गोष्ट माझ्या भाच्याची. माहिती संरक्षण अधिकारी नेमण्याची सक्ती सर्वांवर नाही. सरकार ज्यांना 'महत्त्वाचे' म्हणून जाहीर करील त्यांच्यावरच ती आहे. हा अधिकारी भारतातच असला पाहिजे, संचालक मंडळाला किंवा तशाच वरिष्ठ मंडळाला जबाबदार असला पाहिजे आणि लोकांच्या तक्रारीसाठी त्याचे दार उघडे असले पाहिजे, असे कायदा सांगतो. जबाबदार कोणाला ते लिहिले, पण त्याचे रक्षण कोण करणार ते लिहिले नाही. त्याने 'नाही' म्हटले म्हणून त्याला काढता येणार नाही, असे एक वाक्य कायद्यात नाही.

युरोपात हे वाक्य आहे. २५ मे २०१८ पासून तिथे जो कायदा लागू झाला त्यानुसार न्यायालये वगळता प्रत्येक सरकारी आणि सार्वजनिक संस्थेला असा अधिकारी नेमावाच लागतो. त्याच्या कामात त्याला कोणी हुकूम देऊ शकत नाही. आपले काम केल्याबद्दल त्याला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. जर्मनीच्या हेसन प्रांताने तर १९७० सालीच जगातला पहिला माहिती संरक्षण कायदा केला. ज्या देशाने याद्यांचा उपयोग माणसे मारण्यासाठी झालेला पाहिला, त्याला ही अक्कल लवकर आली, यात नवल नाही.

पण युरोपकडे कशाला बघायचे? आपल्या रेल्वेतच धडा आहे. एके काळी रेल्वेच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे इन्स्पेक्टर रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. ज्याचे काम तपासायचे त्याच्याकडूनच बढती घ्यायची. १९३७ साली बिहारमध्ये बिहटा येथे भीषण अपघात झाला आणि शंभरावर माणसे गेली. त्यानंतर पॅसिफिक इंजिनांची चौकशी करायला बसलेल्या समितीपुढे हा प्रश्न आला. अखेर मे १९४१ मध्ये इन्स्पेक्टरांना रेल्वे बोर्डापासून तोडून टपाल आणि हवाई खात्याला जोडण्यात आले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. जून २०२३ मध्ये बालासोरजवळ बहानगा बाजारला अपघात होऊन २९० हून अधिक जीव गेले. तेव्हा सिग्नल विभागात वेगवेगळ्या स्तरांवर चुका झाल्याचे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात नोंदले गेले. आयुक्त रेल्वेचेच नोकर असते तर हे वाक्य लिहिण्यापूर्वी त्यांनाही कोणी 'चर्चा करावी' म्हटले असते की नाही, याचा विचार वाचकांनीच करावा.

आधारचे उदाहरणही हेच सांगते. प्राधिकरणाने स्वतःच्या नियमांत मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली आहे. आधारच्या कोठारात अनधिकृत शिरणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा कायद्यात आहे. एवढे असूनही प्राधिकरणाकडे जुनी माहिती कशी आणि किती काळ जतन करायची याचे धोरणच नव्हते, हे लोकांपुढे कसे आले? ते आले २०२२ साली संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातून. महालेखापरीक्षक हे लिहू शकतात, कारण त्यांना काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याची जी पद्धत आहे तीच वापरावी लागते. राज्यघटनेने त्यांच्या खुर्चीला संरक्षण दिले आहे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा पोरगा ते कसे लिहील?

आता फाटकाकडे येतो. माझ्या वेळी फाटकावर एक टेलिफोन असे आणि स्टेशन मास्तरकडे व माझ्याकडे प्रायव्हेट नंबरांची पाने असत. गाडी यायची असली की मास्तर फोन करी. मी फाटक बंद करी, कुलूप लावी आणि माझ्या पानावरचा पुढचा नंबर त्याला देई. तो नंबर त्याच्या वहीत, त्याचा माझ्या वहीत. वापरलेला नंबर खोडायचा, पुन्हा कधी वापरायचा नाही. पान दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचे नाही. आज पोरे ज्याला ओटीपी म्हणतात ती युक्ती आम्ही मॅट्रिक आणि नॉन-मॅट्रिक माणसे पिढ्यान् पिढ्या वापरत आलो. त्यातले मर्म काय होते? फाटक बंद झाल्याचा शब्द फाटकावरच्या माणसानेच द्यायचा. मास्तर मोठा, मी लहान, पण माझ्या नंबराशिवाय त्याने सिग्नल द्यायचा नाही. आणि मी नंबर दिला नाही म्हणून मला कोणी घरी पाठवू शकत नव्हता, कारण नियमाचे पुस्तक माझ्या पाठीशी होते आणि पुस्तकाच्या पाठीशी युनियन होती.

माहितीच्या फाटकावर आज नंबर आहेत, वही आहे, माणूसही आहे. त्याच्या पाठीशी मात्र कोणी नाही.

काही अधिकारी मित्र म्हणतात की अशा अधिकाऱ्यांना फार अधिकार दिले तर कामे तुंबतील, प्रत्येक जण 'नाही' म्हणून हात झटकेल. ही शंका अगदीच खोटी नाही. त्याची एक वाईट बाजू दिसूही लागली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले ८(१)(ञ) हे कलम बदलले आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, तिच्यात जनहित आहे का, हे त्याच कलमात पाहावे लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द नकाराला पुरतात. कंत्राटी कामगारांचे मस्टर, वेतनाचे पत्रक, भविष्य निर्वाह निधीची चलने मागून आपल्या कार्यकर्त्यांनी किती ठेकेदारांचे हिशेब उघडे पाडले आहेत! राजस्थानातल्या मजुरांनी गावोगाव हजेरीपटाची मागणी केली त्यातून हा कायदा जन्मला, आणि महाराष्ट्राने तर २००२ सालीच आपला कायदा केला होता. उद्या तेच हजेरीपट 'वैयक्तिक' म्हणून कपाटात जाणार असतील तर बाईंचा आजार मोबाईलवर फिरेल आणि ठेकेदाराची चोरी मात्र गुप्त राहील. अधिक जनहित असेल तर माहिती देता येते, हे ८(२) कलम अजून शाबूत आहे. आपल्या अर्जात त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहू नका.

म्हणूनच सांगतो की अधिकारी भित्रा असला तर तो दोन्हीकडून चुकतो. वरून हुकूम आला की जे झाकायचे ते उघडतो आणि जे उघडायचे ते झाकतो. गेटमन दिवसभर फाटक बंद ठेवून बसला तर तोही गुन्हाच आहे. गाडी येताना बंद आणि गेल्यावर लगेच उघडे, यालाच ड्यूटी म्हणतात. ती ड्यूटी निर्भयपणे करायला नोकरीची शाश्वती लागते.

दुसरी शंका आपल्याच साथींची आहे. हे अधिकारी, लॅपटॉपवाले. यांच्यासाठी कामगार संघटनेने का भांडावे? मला वाटते, त्यांच्यासाठी भांडण्याआधी आपल्यासाठी भांडावे. आमच्या रेल्वेतच पाहा. सेवापुस्तक आता एचआरएमएसवर, औषधोपचार युएमआयडी कार्डावर, हजेरी ठिकठिकाणी अंगठ्यावर. माझा रक्तदाब, माझे कर्ज, माझी रजा, माझी चार्जशीट, सगळे एका पडद्यावर. २०२२ साली आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसे काढता येईल यासाठी सल्लागार नेमायची निविदा काढली होती. ओरड झाली, संसदेच्या समितीने विचारणा केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती मागे घेतली गेली. ओरड करणारे होते म्हणून मागे घेतली. पुढच्या वेळी ओरड होण्याआधीच आतून कोणीतरी 'हे नियमात बसत नाही' असे लिहायला हवे, आणि लिहिणाऱ्याची भाकरी सुरक्षित हवी.

तेव्हा महासंघाने पुढील मागण्या हाती घ्याव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

एक, प्रत्येक सार्वजनिक संस्थेत माहिती संरक्षण अधिकाऱ्याचे पद कायम आणि मंजूर असावे. ते एजन्सीमार्फत किंवा कंत्राटावर भरू नये.

दोन, हा अधिकारी कॉम्प्युटर विभागाच्या किंवा आस्थापना विभागाच्या हाताखाली नसावा. त्याचा गोपनीय अहवाल ज्यांचे काम तो तपासतो त्यांनी लिहू नये. काम केल्याबद्दल त्याला काढता किंवा बदलता येणार नाही, असे कायद्यातच लिहावे.

तीन, त्याने लिहिलेली हरकत फाईलवर राहिली पाहिजे. ती डावलायची असेल तर डावलणाऱ्याने कारण लिहून स्वतः सही करावी. मग जबाबदारीही त्याची.

चार, कामगारांची माहिती कोणत्या कारणासाठी घेतली, कोणाला दिली, याची वही मान्यताप्राप्त संघटनेला पाहता आली पाहिजे. आजार, संघटनेचे सभासदत्व आणि अंगठ्याचे ठसे ठेकेदाराच्या हाती जाता कामा नयेत.

पाच, माहिती फुटल्याने ज्याची रोजी बुडाली त्याला भरपाई मिळाली पाहिजे. दंड सरकारच्या तिजोरीत आणि नुकसान कामगाराच्या घरी, हा न्याय नव्हे.

शेवटी आपल्याच अंगणातले एक सांगायचे राहिले. मी निघालो तेव्हा भाचा मला बसपर्यंत पोचवायला आला होता. वाटेत त्याने विचारले, "मामा, मला कुठल्या युनियनचा सभासद होता येईल का?" मी तीस वर्षे पावतीपुस्तक घेऊन फिरणारा माणूस, पण मला उत्तर देता आले नाही. संस्थेची युनियन म्हणते तो आमचा नाही, एजन्सीचा. एजन्सीत युनियन नाही. अधिकाऱ्यांची संघटना म्हणते तो कायम नाही. त्या सफाई कामगार बाईंनाही नेमकी हीच तीन उत्तरे मिळाली होती, एवढाच फरक की त्यांना अधिकाऱ्यांच्या संघटनेत कोणी विचारलेच नव्हते.

ज्याची सही घेतली तो आणि जिची रोजी गेली ती, दोघेही एकाच फाटकाच्या एकाच बाजूला उभे आहेत आणि त्यांना एकमेकांचे नावही माहीत नाही. त्यांना एका पावतीपुस्तकात आणणे हे आपले काम आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्या घटनेतला सभासदत्वाचा नियम दुरुस्त करण्याचा ठराव मी मांडणार आहे. कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर मात्र थांबणार नव्हते. ते मी आणि भाच्याने बसथांब्यावरच, माझ्या डायरीच्या पानावर लिहून काढले. पहिले वाक्य होते, 'माझे अमुक तारखेचे टिपण कृपया फाईलवर आणावे.'